स्लिंगच्या ऑपरेशननंतर कुठली तक्रार कधी सांगायची

खोकताना, शिंकताना, हसताना लघवी निसटते म्हणून जाळीच्या पट्टीचं, म्हणजे स्लिंगचं ऑपरेशन ज्यांनी करून घेतलंय किंवा ज्यांचं ठरतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी याच कामाच्या वॉर्डात आणि ओपीडीत सिस्टर आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात. पण लघवीची नळी काढल्यावर पहिली लघवी किती झाली ते मी मोजते, घरी जाताना कागद मी समजावते आणि नंतर "सिस्टर, एक विचारायचं होतं, पण कसं विचारू" असा फोनही मलाच येतो. अशा फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधीपासून होतंय? या ऑपरेशनच्या त्रासांना वेळ असते. पहिल्या रात्री जे बिघडतं ते सहसा चौथ्या वर्षी बिघडत नाही, आणि चौथ्या वर्षी जे निघतं त्याचा पहिल्या आठवड्यात मागमूसही नसतो. बहुतेक जणींना यातलं काही होत नाही, ओलं व्हायचं थांबतं आणि त्या आम्हाला विसरून जातात. ज्यांना होतं, त्यांचे हाल पुष्कळदा उशिरा सांगितल्यामुळे वाढतात.

आपल्या अंगात काय बसवलंय ते कागदावर घ्या

पट्टी पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याची विणलेली असते, साधारण एक सेंटिमीटर रुंद. योनीच्या पुढच्या भिंतीवर छोटी चीर देऊन ती मूत्रमार्गाच्या मधल्या भागाखाली ठेवतात, तीही न ताणता. एरवी ती नुसती पडून असते. खोकला आला की मूत्रमार्ग तिच्यावर टेकतो आणि लघवी अडते. पुढच्या काही आठवड्यांत आपलं मांस जाळीच्या छिद्रांतून वाढतं आणि तिला धरून ठेवतं. म्हणून ती टिकते, आणि म्हणूनच काढायची वेळ आली तर सहजी सुटत नाही.

टोकं कुठल्या वाटेने नेली आहेत, यावर पुढचे त्रास बरेचसे ठरतात. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली मांडलेल्या पद्धतीत टोकं ओटीपोटाखालच्या हाडामागून वर येतात. २००१ मध्ये फ्रान्सच्या देलोर्म यांनी जांघेतून जाणारी वाट काढली आणि २००३ मध्ये बेल्जियमच्या द लेव्हाल यांनी तीच वाट आतून बाहेर अशी उलटी वापरली. तिसरा प्रकार मिनी-स्लिंगचा. त्यात पट्टी आखूड असते आणि टोकं आतच अडकवतात. तुमची कुठली हे आठवत नसेल तर आरशात बघा. हाडाच्या जरा वर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक व्रण असतील तर पहिली वाट. मांडी जिथे सुरू होते तिथे घडीत व्रण असतील तर दुसरी. बाहेर काहीच नसेल तर बहुधा मिनी. व्रण इतके पुसट होतात की काही वर्षांनी तेही सापडत नाहीत, म्हणून कागदच बरा.

हॉस्पिटलमधून घरी निघताना ऑपरेशन नोटची प्रत मागा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'स्लिंग' लिहिलेलं असतं, त्याचा उपयोग नाही. पट्टीच्या खोक्यावर एक स्टिकर असतो: कंपनी, मॉडेल, लॉट नंबर. तो आमच्या फाइलमध्ये चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढून घ्या. दहा वर्षांनी दुसऱ्याच गावातल्या डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा हाच फोटो कामाला येईल.

वाटांमधला फरक आकड्यांत सांगायचा तर अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात हाडामागच्या वाटेने ऑपरेशन करताना मूत्राशयाला भोक पडण्याचं प्रमाण ४.५ टक्के होतं, जांघेच्या वाटेने ०.६ टक्के. जांघेत दुखण्याचं मात्र उलट: जांघेच्या वाटेत ६.४ टक्के, हाडामागच्या वाटेत १.३ टक्के. जाळी योनीत उघडी पडण्याचं प्रमाण दोन्हींत दोन टक्क्यांच्या आसपास. अमुक पद्धत बिनधोक, असं कोणी सांगत असेल तर त्याला हे आकडे विचारा. मूत्राशयाचं भोक ऐकायला भयंकर वाटतं, पण ऑपरेशन संपवण्याआधी दुर्बीण घालून आत बघतात; दिसलं तर सुई मागे घेऊन पुन्हा नीट घालतात आणि नळी थोडे दिवस जास्त ठेवतात. वेळेत दिसलं तर ते बहुतेक वेळा तिथेच निस्तरतं.

ऑपरेशनच्या आधी तीन दिवस लिहा

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर हे एवढं जरूर करा, कारण नंतर करता येत नाही. तीन दिवस एका कागदावर प्रत्येक लघवीची वेळ, मापाच्या भांड्यात मोजून किती झाली, घाई लागली होती का, निसटली का आणि कशाने निसटली, हे लिहायचं. त्याच कागदाच्या पाठीमागे आणखी चार गोष्टी: कंबर, जांघ, मांडी कुठे दुखते का; संबंधाच्या वेळी दुखतं का; अंगावरून पांढरं जातं का; रात्री किती वेळा उठावं लागतं.

कारण सांगते. ऑपरेशननंतर काही जणींना लघवीची अशी घाई सुरू होते की दारापर्यंत पोचायची मुभा नाही. ही घाई जुनी की नवी, हे ठरल्याशिवाय उपचार ठरत नाही. जुनी असेल तर स्लिंगने ती जायचीच नव्हती. स्लिंग खोकल्या-शिंकेच्या गळतीसाठी आहे. नवी असेल तर तीन शक्यता तपासाव्या लागतात: जंतुसंसर्ग, पट्टी घट्ट बसून लघवी तुंबणं, किंवा जाळी मूत्रमार्गात वा मूत्राशयात शिरणं. सहा महिन्यांनी विचारलं की बायका प्रामाणिकपणे सांगतात, "आधी असेल बहुतेक, आठवत नाही." मग सगळ्यांचाच अंदाजाचा खेळ.

हेच दुखण्याचं. आधीपासून दुखणाऱ्या जांघेतून पट्टी न्यायची की दुसरी वाट घ्यायची, हा निर्णय डॉक्टरांनी तुमचा कागद बघून घ्यायचा असतो.

सिगारेट, आटोक्यात नसलेली साखर, पाळी गेल्यावर कोरडी आणि पातळ झालेली योनी, आधी त्याच जागी झालेलं ऑपरेशन, यांमुळे जखम भरायला अडचण येते आणि जाळी उघडी पडण्याचा धोका वाढतो. हे आधी सांगा, लपवू नका. आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या कोणाच्या देखरेखीखाली निदान तीन महिने केलेत का, हेही स्वतःला विचारा. "केले, काही फरक नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणी स्नायू आत ओढायच्या ऐवजी पोट ढकलत असतात, हे मी तपासताना पाहते.

पहिला दिवस: दोन आकडे विचारा

नळी काढल्यावर आम्ही लघवीची परीक्षा घेतो. एक पद्धत अशी: नळीतूनच मूत्राशयात साधारण ३०० मिलिलिटर सलाईन सोडायचं, नळी काढायची आणि लगेच तुम्हाला भांडं देऊन लघवीला पाठवायचं. दोन तृतीयांश, म्हणजे २०० च्या आसपास बाहेर आलं तर पास. दुसरी पद्धत म्हणजे पाणी पिऊन आपोआप भरू द्यायचं, लघवी मोजायची आणि ओटीपोटावर जेल लावून स्कॅनरने आत किती उरली ते बघायचं. दोन्हींत तुम्ही विचारायचे आकडे दोनच: किती केली आणि किती उरली. ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

"होतेय हो सिस्टर, थोडी थोडी होतेय," हे वाक्य ऐकलं की मी स्कॅनर घेऊन जाते. काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातूनही थेंब थेंब गळतंच. ती लघवी नव्हे, ओसंडणं आहे. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर काही तास भरल्याची जाणीवच होत नाही. अशा वेळी कळ नाही म्हणून निवांत पडून राहू नका, ठरलेल्या वेळी स्कॅन मागा. मूत्राशय एकदा फार ताणलं की पुढे कित्येक दिवस ते आवळत नाही.

परीक्षेत नापास झालात तर नळी घालून घरी पाठवतात किंवा स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवतात. रडू येतं, मला माहीत आहे. पण सूज उतरली की बहुतेक जणींची लघवी काही दिवसांत सुटते.

पहिले काही आठवडे

थोडंसं रक्त जाणं, मग काही दिवस तपकिरी डाग, व्रणाभोवती निळसरपणा, बसताना ओढ बसणं, हे चालतं. पुढच्या गोष्टी मात्र रात्री दोन वाजता झाल्या तरी हॉस्पिटल गाठायचं:

- लघवी पूर्ण अडली आणि ओटीपोट फुगलं.
- पोटातलं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी तासातासाला वाढतंय, सोबत उलट्या, ताप किंवा पोट कडक. आतड्याला इजा होणं फार दुर्मीळ, पण ती अशीच दिसते आणि तिला वाट बघणं परवडत नाही.
- चक्कर, घाम, धडधड, ओटीपोटात किंवा जांघेत वाढत जाणारी गाठ. आत रक्त साचत असू शकतं.
- तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, किंवा घाण वास येणारा स्राव आणि थंडी वाजून ताप.
- पाय उचलताना, मांड्या जवळ आणताना ताकदच लागत नाही.
- पोटरी एका बाजूने सुजून दुखतेय, किंवा दम लागतोय.

जळजळ आणि वारंवार लघवी होऊ लागली तर जंतुसंसर्गाची शक्यता जास्त. तो या दिवसांत बऱ्याच जणींना होतो. गोळी सुरू करायच्या आधी लघवीचा नमुना कल्चरला, म्हणजे कुठले जंतू आहेत त्या तपासणीला द्या. पुढे संसर्ग पुन्हा पुन्हा झाला तर आधीचे रिपोर्ट समोर असणं फार उपयोगी पडतं.

आता धारेबद्दल, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते. एका बाईंना मी तपासणीला आल्यावर सहज विचारलं, लघवी कशी होते? "छान होते. जरा पुढे वाकायचं, मग उठायचं, पुन्हा बसायचं, की होते." त्यांना वाटत होतं ऑपरेशन मस्त झालंय, एक थेंब निसटत नाही. निसटणार कुठून, सुटतच नव्हती. उरलेली लघवी मोजली तर केली त्याहून जास्त आत होती. वाकावं लागणं, उभं राहावं लागणं, पोट दाबावं लागणं, धार बारीक होणं, मध्येच तुटणं, उठल्यावर पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटणं, यांपैकी काहीही असेल तर पट्टी घट्ट बसल्याची शंका घ्यायची आणि त्याच आठवड्यात सांगायचं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत, मांस जाळीत रुजायच्या आधी, तीच चीर उघडून पट्टी थोडी खाली ओढून सैल करता येते. नंतर ती सैल होत नाही, कापावी लागते. कापल्यावरही पुष्कळ जणींची गळती परत येत नाही, पण काहींची येते. लवकर सांगितलं तर सोपा रस्ता हातात असतो.

जांघेच्या वाटेने पट्टी घातलेल्यांना मांडीच्या आतल्या बाजूला दुखतं, जिना चढताना किंवा पाय फाकताना जास्त. दिवसागणिक उतरत असेल तर वेदनाशामक गोळी आणि धीर. सहा आठवडे होऊनही तिथेच असेल, किंवा विजेसारखी कळ मांडीतून जात असेल, तर पुढची तारीख यायची वाट बघू नका.

महिन्यांनी, वर्षांनी

तपासणीला बोलावलं की जा, सगळं ठीक असलं तरी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना अशी आहे की सहा महिन्यांच्या आत तपासणी व्हावी आणि तीत आतून योनी बघून जाळी उघडी पडली नाही ना, याची खात्री करावी. नुसतं "बरं आहे ना?" विचारून पाठवत असतील तर आतून तपासा म्हणून सांगा. हा तुमचा हक्क आहे, आगाऊपणा नाही.

जाळी उघडी पडली की काय जाणवतं? पॅडवर अधूनमधून गुलाबी डाग, पांढरं किंवा पिवळट पाणी, संबंधानंतर रक्त. कधी बाईला काहीच कळत नाही, नवऱ्याला टोचतं. हे सांगायला बायका इतक्या लाजतात की दुसऱ्याच तक्रारीची चिठ्ठी काढून येतात आणि उठता उठता दाराशी म्हणतात. मी आता स्वतःच विचारते. घरी बघायचं असेल तर हात स्वच्छ धुऊन, नख कापलेलं बोट योनीत पुढच्या भिंतीवर, आत दोन-तीन सेंटिमीटरवर फिरवा. भिंत मऊ आणि ओलसर लागायला हवी. मासे पकडायच्या जाळ्याच्या दोऱ्यासारखं खरखरीत काही लागलं तर ओढू नका, खरवडू नका, डॉक्टरांची वेळ घ्या. (जखम भरेपर्यंत, म्हणजे पहिले सहा आठवडे, हा प्रयोग नको.) उघडा भाग अगदी छोटा असेल आणि पाळी गेलेली असेल तर योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम देऊन वाट बघतात. नाहीतर उघडा तुकडा कापून वरून भिंत शिवतात.

जाळी मूत्रमार्गात किंवा मूत्राशयात शिरणं याहून दुर्मीळ आणि जास्त गंभीर. वारंवार जंतुसंसर्ग, लघवीत रक्त, करताना खुपणं, कधी जाळीवर खडा जमणं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: साध्या एक्स-रेत पट्टी दिसत नाही आणि सीटीवरही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ पट्टी जागेवर आहे असा होत नाही. दुर्बिणीने आत बघावं लागतं. बाहेरून मांड्यांमध्ये प्रोब ठेवून केलेल्या सोनोग्राफीत पट्टी दिसते, पण ती करणारा जाणकार हवा. स्लिंग असलेल्या बाईला लागोपाठ संसर्ग होत असतील आणि प्रत्येक वेळी नवी अँटिबायोटिक मिळत असेल, तर "दुर्बीण कधी?" असं थेट विचारायचं.

संबंधाच्या वेळचं दुखणं जाळीच्या उघड्या कडेमुळे असू शकतं, व्रणामुळे, कोरडेपणामुळे किंवा आवळून बसलेल्या स्नायूंमुळेही. चारींचे उपचार वेगळे. मिनी-स्लिंग ठरत असेल तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीतला एक आकडा माहीत असू द्या: तीन वर्षांनी गळती थांबवण्यात ती नेहमीच्या स्लिंगच्या बरोबरीची होती, पण संबंधाच्या वेळी दुखण्याची तक्रार मिनी-स्लिंगवाल्यांत ११.७ टक्के, नेहमीच्या स्लिंगवाल्यांत ४.८ टक्के.

डॉक्टरांपुढे कसं सांगायचं

"तिथे दुखतं" एवढ्याने काम होत नाही. कुठे ते बोटाने दाखवा: ओटीपोट, हाडाची वरची कड, उजवी जांघ, योनीत आत. कधी सुरू झालं, ऑपरेशनपासून किती दिवसांनी. कशाने वाढतं: बसल्याने, चालल्याने, लघवी भरल्याने, करताना, संबंधाने. आधी होतं का. मग तीन दिवसांची नवी नोंद आणि स्टिकरचा फोटो समोर ठेवा. कोणी "वयाने होतं" म्हणून उठवलं तर चिडून उपयोग नाही, "आत जाळी उघडी पडली नाही हे तुम्ही बघितलंत का, आणि लघवी किती उरते?" हे दोन प्रश्न विचारा. ते उत्तराशिवाय टाळता येत नाहीत. तरी टाळले, तर दुसरे डॉक्टर गाठा, शक्यतो जाळ्या काढायचा अनुभव असलेले.

बातम्या वाचून घाबरलेल्यांसाठी

बातम्यांत दोन जाळ्यांची सरमिसळ असते. अंग बाहेर येतं म्हणून योनीतून बसवायच्या मोठ्या जाळ्या वेगळ्या. औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये त्यांची विक्री थांबवायला लावली. लघवीच्या स्लिंगला तो आदेश लागू नव्हता. पण स्लिंग वादाबाहेर आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ पासून तिच्या वापरावर स्थगिती आली आणि २०२० साली बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीने तिथल्या बायकांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षं झटकून टाकली गेली, असा स्पष्ट ठपका ठेवला. न्यूझीलंडनेही २०२३ मध्ये स्थगिती दिली.

इंग्लंडमधल्या ९५,०५७ बायकांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांत ३.३ टक्के जणींची पट्टी अंशतः किंवा पूर्ण काढावी लागली. हा आकडा वाचताना माझा एक आक्षेप आहे. ज्यांना दुखतं पण पट्टी काढलेली नाही, त्या यात मोजल्या जात नाहीत.

काढायची ठरली तर

उघडा तुकडा कापणं, मूत्रमार्गाखालचा भाग काढणं आणि टोकांसकट सगळी काढणं, ही तीन वेगळी ऑपरेशनं आहेत. तुमचं कुठलं, हे सही करण्याआधी विचारा. हाडामागची टोकं काढायला पोटातून जावं लागतं, जांघेतली काढायला मांडीच्या मुळाशी चीर द्यावी लागते. दुखणं पूर्ण जाईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. काहींचं जातं, काहींचं कमी होतं, काहींचं राहतं. गळती परत येऊ शकते. तेव्हा पुढचा उपाय कोणता, हेही आधीच ठरवा: स्वतःच्या स्नायूच्या आवरणाची पट्टी, टाके घालून मूत्राशयाचा खालचा भाग वर उचलणं, किंवा मूत्रमार्गाच्या भिंतीत फुगवटा आणणारं इंजेक्शन. पहिल्या दोन्हींत जाळी नसते, पण चीर मोठी असते आणि लघवी तुंबण्याचा धोका त्यांतही आहेच. इंजेक्शन हलकं, पण त्याचा परिणाम कमी आणि ते पुन्हा घ्यावं लागू शकतं.

एमआरआयला अडचण नाही, पट्टीत धातू नसतो. गर्भपिशवीचं, मूत्राशयाचं, जांघेतल्या हर्नियाचं कुठलंही ऑपरेशन निघालं तर मात्र 'आत स्लिंग आहे' हे फॉर्मवर लिहा आणि नुसतं भूल देणाऱ्यांना सांगून थांबू नका, ऑपरेशन करणाऱ्यांना तोंडी सांगा.